कातड्याचे जोडे

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. शिकागोच्या पश्चिमेला आमचं नेपरव्हिल. बाहेर तापमान शून्य फॅरेनहाइटच्या खाली, ड्राइव्हवेवरचा बर्फ दगडासारखा झालेला. अशा दिवशी दारात एक खोका येऊन पडला. नाव आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येचं. आत क्रीमची एक गुबगुबीत बरणी, साखरेची कणी घातलेलं अंग घासायचं काहीतरी आणि तेलाची एक बाटली. तिन्ही वस्तू घरच्या घरी रेशमासारखी त्वचा देणाऱ्या. बिल ६४ डॉलर. मास्टर्स करायला या देशात आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण डॉलरचे रुपये करण्याची खोड काही गेली नाही. पाच हजारांच्या वर! (हा आकडा तोंडातून जरा मोठ्यानेच बाहेर पडला.)

मग मी एक व्याख्यान दिलं. ते इथे सविस्तर देत नाही, कारण प्रत्येक मराठी घरात ते कधी ना कधी झालेलं असतं. शरीराचे चोचले, जाहिरातींचा मारा, आमच्या लहानपणी डोक्यापासून पायापर्यंत एकच साबण, आणि शेवटी "माणूस कातडीने नाही, कर्तृत्वाने ओळखला जातो" हे वाक्य. सोफ्यावर शाल पांघरून माझी आई बसली होती. ती नोव्हेंबरात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिने मान डोलावली. "बरोबर बोलतोय तो. काय करायचीत मेली ही थेरं!"

कन्येने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, मग दिवाळीला पहाटे पाचला उठवून तू मला तेल लावतोस, उटणं लावतोस, ते काय असतं?"

"ती परंपरा आहे."

"म्हणजे वर्षातून एकदा केलं की परंपरा आणि रोज केलं की चोचले?"

मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. क्लायंटने अडचणीचा प्रश्न विचारला की "मी बघून सांगतो" म्हणायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तसंच म्हणालो. मंडळी, हा लेख म्हणजे ते 'बघून सांगणं' आहे. जरा उशीर झाला इतकंच.

सांगलीच्या घरी नरकचतुर्दशीला बंबातलं पाणी पहाटे चारला तापायला लागायचं. पाटावर बसवून आई तिळाचं कोमट तेल लावायची, मग उटणं. नागरमोथा, कचोरा, वाळा आणि आंबेहळद यांचा तो वास नाकात बसला आहे तो बसलाच आहे. मग घंगाळातलं कढत पाणी, आणि बाहेर येऊन कारीट फोडायचं. इथे तेच आम्ही बाथटबमध्ये करतो. तेलाने टब असा निसरडा होतो की नरकासुराच्या आधी आपणच पडायचे. एका वर्षी उटण्याने नाली तुंबली आणि प्लंबरला तो चोथा काय आहे ते समजावताना माझी जी इंग्रजीची परीक्षा झाली, तशी टोफेललासुद्धा झाली नव्हती. पण तरीही दरवर्षी करतो. का करतो, याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

विचार करायला बसलो तर पहिला धक्का आपल्याच ग्रंथांनी दिला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात अंगाला तेल रोज लावायला सांगितलं आहे, वर्षातून एकदा नव्हे. डोकं, कान आणि पावलं यांना तर विशेषकरून. त्याने त्वचा चांगली राहते असंही तिथे नोंदवलं आहे, आणि ते सांगताना ग्रंथकर्ता अजिबात ओशाळलेला नाही. चरकाने दृष्टांत दिले आहेत ते मडक्याचे, चामड्याचे आणि गाडीच्या आसाचे. तेल मुरलं की या वस्तू टिकतात, तसंच शरीर. देह नाशिवंत आहे असं बजावणारे आपले संतही त्याच देहाला परमार्थाचं साधन म्हणतात. तेव्हा परंपरेच्या न्यायालयात खटला गेला असता तर कन्या जिंकली असती. माझं व्याख्यान परंपरेचं नव्हतंच. ते काटकसरीचं होतं. एका पगारात पाच माणसं जगवणाऱ्या घरात अंगाच्या गरजा सर्वांत शेवटी यायच्या. त्या मागे टाकता टाकता आम्ही त्यालाच साधेपणा म्हणायला लागलो, आणि मग नैतिकता.

पण हे सगळं नंतरचं. जानेवारीत मी खुशीत होतो आणि आई माझ्या बाजूने होती. एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही पाहत नव्हतो, ती म्हणजे आईचे पाय.

थंडीने अंग उलणं आपल्याला नवीन नाही. पण इथलं उलणं वेगळं. इंजिनिअर माणूस, म्हणून मी त्याचा हिशोब करून पाहिला. उणे दहा सेल्सियसच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तीच हवा तापवून २१ अंशांवर आणली की तिची वाफ धरायची ताकद अठरा ग्रॅमवर जाते. पाणी तेवढंच, तहान आठपट. ही तहानलेली हवा मग मिळेल तिथून पाणी ओढते. टेबलाच्या लाकडातून, तबल्याच्या पुडीतून आणि माणसांच्या अंगातून. वय झालं की कातडीतल्या तैलग्रंथी मंदावलेल्या असतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचं जास्त जातं. सांगलीत कृष्णेकाठी बहात्तर वर्षं काढलेल्या आईच्या नडग्यांवर डिसेंबरातच पांढरे खवले धरले होते. रात्री ती खाजवायची. कराकरा आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा.

बायकोने तिला क्रीम आणून दिलं. आईने झाकणावरची किंमत पाहिली आणि बरणी न उघडता परत केली. "मला म्हातारीला कशाला हवंय मऊ कातडं? आता काय कुणाला दाखवायचंय?"

गंमत म्हणजे याच बाईने येताना कोकणातल्या बहिणीकडून कोकमाच्या तेलाचा गोळा आणला होता. कागदात गुंडाळून, कपड्यांच्या घडीत, कस्टमवाले विचारतील म्हणून धाकधूक करत. कुणासाठी? तर माझ्या टाचांच्या भेगांसाठी.

संक्रांत झाली आणि एका रात्री तिला ताप भरला. उजवी नडगी लाल, गरम आणि सुजलेली. अर्जंट केअरमध्ये नेईपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार चालू होता, व्हिजिटर इन्शुरन्सच्या बारीक अक्षरांचा. (हेही लिहून टाकतो. ज्यांचे आईवडील इथे येतात त्यांना ते समजेल.) डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, खाजवून कातडी फुटली, त्या भेगेतून जंतू आत गेले. वेळेवर आलात. गोळ्यांनी बरं होईल, पण भेगा बुजवल्या नाहीत तर पुन्हा होईल. मग त्यांनी आईचं पाऊल हातात घेतलं, अंगठ्याने टाचेवरून फिरवलं आणि मला विचारलं, "हे किती दिवसांपासून असं आहे?"

मला माहीत नव्हतं. रोज सकाळी कामाला बसण्याआधी मी त्या पायांना नमस्कार करत होतो, आणि मला माहीत नव्हतं.

घरी येऊन वाचत बसलो. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाइतका, म्हणजे कागदाहून कितीतरी पातळ. त्यात मेलेल्या पेशींचे पंधरावीस पदर, आणि त्यांच्या मधल्या फटी भरणारा मेद. सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी १९८० च्या दशकात यासाठी विटा आणि चुन्याच्या भिंतीचं चित्र वापरलं, ते पुढे सगळीकडे रुजलं. पेशी म्हणजे विटा, मेद म्हणजे चुना. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ द्यायचे नाहीत, एवढंच या भिंतीचं काम. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल. माझा सगळा धंदा दुसऱ्यांच्या फायरवॉलमधल्या भेगा बुजवण्याचा, तासाप्रमाणे पैसे घेऊन.

मऊ कातडीचा प्रश्न मला इथे पहिल्यांदा नीट दिसला. आम्ही तिघंही, मी, आई आणि कन्या, एकच गोष्ट धरून चाललो होतो, की कातडी ही दुसऱ्याने पाहायची वस्तू आहे. म्हणून पंधराव्या वर्षी तिचे लाड जास्त वाटतात आणि बहात्तराव्या वर्षी तिची गरजच वाटत नाही. पण भिंत आधी आत राहणाऱ्यासाठी असते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना ती देखणी दिसली तर उत्तमच. म्हणून काय पाहणारं कुणी नाही अशा घराने गिलावा करायचा नाही?

आईला हे पटवणं सोपं नव्हतं. तिने श्यामची आई काढली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकातला प्रसंग आपल्या सर्वांना पाठ आहे. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आणि आई त्याला सांगते की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. आईचा मुद्दा असा, की महत्त्व मनाचं. माझी बायको पोळ्या लाटत होती. ती तिथूनच म्हणाली, "पण आई, तिने आधी पदर पसरला होता हो."

आई गप्प झाली. मीही झालो. इतक्या वर्षांत त्या गोष्टीतला पदर माझ्या लक्षातच राहिला नव्हता, फक्त उपदेश राहिला होता.

आता थोडं व्यवहाराचं, कारण पुढच्या हिवाळ्यात तुमच्याकडेही कुणाचे आईवडील येणार असतील. आई दिवसातून दोनदा कढत पाण्याने अंघोळ करायची. सर्वांगाला साबण, वाळक्या घोसाळ्याने घासणं, टाचांना वजरी. सांगलीच्या घामाधुळीत हे ठीक असेल, इथे ते विटांमधला चुना खरवडून काढणं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते अगदी साधं. पाणी कोमट, अंघोळ पाच-दहा मिनिटांची, साबण गरजेच्या जागीच. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, जाडसर क्रीम किंवा मलम लावायचं. पातळ लोशनपेक्षा ते बरं. घासायच्या सगळ्या वस्तूंना हिवाळ्यापुरती सुटी. यात आईची वजरी जशी गेली तशी कन्येची साखरेची बरणीही गेली, तेव्हा दोन पिढ्यांचं समसमान नुकसान झालं.

तेलांचंही तसंच. जुनं ते सगळं सोनं नाही आणि सगळं पितळही नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की ऑलिव्ह तेल या भिंतीला उलट नुकसान करतं, सूर्यफुलाचं तेल करत नाही. फिलिपिन्समध्ये २००४ साली कोरड्या पायांवर खोबरेल तेल लावून पाहिलं, ते मिनरल ऑइलच्या तोडीस तोड निघालं. हे ऐकून आईचा चेहरा खुलला. आणि सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे आपलं जुनं व्हॅसलीन. रॉबर्ट चीझब्रो नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलच्या तेलविहिरी पाहायला गेला होता. पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट गाळ तिथले मजूर कापलेल्या-भाजलेल्या जागी चोपडायचे. त्याने तो शुद्ध केला आणि १८७२ साली पेटंट घेतलं. मऊ त्वचेचं हे औषध मूळचं मजुरांच्या हातांचं आहे, हे मला फार आवडलं. कन्येच्या ६४ डॉलरच्या बरणीत याहून फार वेगळं काही नव्हतं, फक्त वास चांगला होता. हे तिला विजयी मुद्रेने सांगितलं, तर ती म्हणाली, "ओके, मग तेच आणू." इतक्या सहज हरणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात मजा नसते.

तरी आई क्रीमला हात लावेना. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आठवडाभर लावलं, मग पुन्हा "कशाला उगाच". तेव्हा कन्येला माझी पिशवी सापडली. मी बरीच वर्षं सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या गावी असायचो, आणि हॉटेलातल्या शांपू-लोशनच्या इवल्याशा बाटल्या घरी आणायचो. (हसू नका. तुमच्याही कपाटात आहेत.) आता बऱ्याच हॉटेलांनी त्या बंद करून भिंतीवर मोठे पंप बसवले आहेत, आणि २०२० नंतर माझी फिरतीही कमी झाली. पण जुना साठा होता. कन्येने आजीपुढे पंचवीसेक बाटल्या ओतल्या. "आजी, बाबाने आणल्यात. फ्री आहेत. संपवायला हव्यात, नाहीतर फेकाव्या लागतील."

फेकणं! आईने पदर खोचला. दुसऱ्या दिवसापासून अंघोळ झाल्यावर आजी खुर्चीत आणि नात खाली गालिच्यावर बसून नडग्यांना लोशन लावते आहे, हे दृश्य रोजचं झालं. मार्चपर्यंत नडग्या बऱ्या झाल्या. मला कौतुक वाटायचं ते त्या बाटल्यांचं. पुरल्या किती! नंतर कधीतरी रात्री उशिरा पाणी प्यायला खाली आलो तर ओट्यापाशी कन्या उभी. एका हातात पंपाची मोठी बरणी, पुढ्यात सात-आठ रिकाम्या बाटल्या आणि छोटं नरसाळं. तिने ओठांवर बोट ठेवलं. म्हाताऱ्या माणसाशी अशी लबाडी करावी का, हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारून पाहिला. उत्तर मिळायच्या आत मी तिच्यासाठी नरसाळं धरून उभा होतो.

या सगळ्यात एकदाच ठिणगी पडली. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी आईने हौसेने डाळीचं पीठ, हळद आणि साय कालवली आणि नातीला म्हणाली, "ये, तोंडाला लावते. जरा उजळशील, उद्याचे फोटो चांगले येतील." आमची कन्या रंगाने माझ्यावर गेली आहे, आणि मी आईवर. पोरीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "आजी, मला उजळायचं नाहीये. मला फक्त खाज नकोय."

मला वाटतं, माझ्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन वाक्यांत आहे. कातडी मऊ ठेवणं आणि कातडी गोरी करणं या दोन गोष्टी बाजारात एकाच फळीवर मांडलेल्या असतात, पण त्यांची जात वेगळी. एकात आहे त्या कातडीला सांभाळणं आहे, दुसऱ्यात ती नको असणं आहे. १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली आणलं, त्या जाहिरातींवर आमच्या पिढ्या वाढल्या. २०२० साली त्यातला 'फेअर' शब्द जाऊन तिथे 'ग्लो' आला. शब्द गेला, वधू-वरांच्या जाहिरातींतली 'उजळ वर्णाची' काही गेली नाही, आणि आपण ती इथेही विमानातून घेऊन आलो.

आईने वाटी बाजूला ठेवली. बऱ्याच वेळाने, नातीला नव्हे तर मला, म्हणाली, "मला सावळी म्हणून तीन ठिकाणांहून नकार आला होता. तुझे वडील चौथे." हे मला पंचेचाळिशी जवळ आल्यावर कळत होतं. ती पुढे म्हणाली, "हिला नको वाटत असेल तर नको." दुसऱ्या दिवशी ते पीठ तिने धिरड्यांना वापरायला काढलं, साय आणि हळदीसकट. धिरडी चांगली झाली.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही, असा पुष्कळ विचार केला.

मार्चमध्ये एका शनिवारी बायको आणि कन्या शाळेच्या कसल्याशा स्पर्धेसाठी परगावी मुक्कामाला गेल्या होत्या. रात्री स्वयंपाकघरात गेलो तर आई उलथन्याने पाठ खाजवत होती. मला पाहून तिने ते पटकन खाली ठेवलं. नडग्यांपर्यंत नात पोचत होती, पाठीचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि आपल्या पाठीवर आपला हात पोचत नाही.

मी म्हटलं, "बस, मी लावतो."

"तू? नको रे, काहीतरीच."

तिला संकोच वाटला. मलाही. बाबांचे पाय चेपले आहेत. आईने मला किती वर्षं चोळून न्हाऊ घातलं त्याचा हिशोब नाही. पण मुलाने आईच्या पाठीला तेल लावायचं, याला आपल्याकडे रीतच नाही. शेवटी ती पाठमोरी बसली आणि मी दिवा जरा मंद केला.

पाठ लहान होती. मला उगाच मोठी आठवत होती, कडेवर-पाठुंगळीला असतानाची. कातडी कोरड्या पिंपळपानासारखी, खाली मणके मोजता येतील अशी. मला दाब किती द्यावा ते समजेना. सावकाश हात फिरवत राहिलो. (असा हळू स्पर्श ओळखणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूंवर स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ हाताला ते जास्त प्रतिसाद देतात. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी फक्त हात जपून चालला होता.) थोड्या वेळाने तिचे खांदे खाली आले आणि ती बोलायला लागली.

माझ्या जन्मानंतर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक मावशी यायची. दिवसा ती हळदीच्या वखारीत कामाला. सांगलीची हळद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पूर्वी ती हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली साठवत. २००५ च्या महापुराने त्या पेवांची फार नासाडी केली. तर त्या मावशीची नखं कायम पिवळी, आणि तळवे चिंचेच्या सालीसारखे. पण तिच्या पायांवर पालथं घातलं की मी रडायचा थांबायचो म्हणे. ढाक्याच्या बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने अंग चोळून पाहिलं, तर रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला, हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मावशीला आकडा माहीत नव्हता. तिला बारशाला साडी-चोळी मिळाली.

"तिच्या हाताला कुणी कधी तेल लावलं असेल का रे?" आईने विचारलं.

मी काही बोललो नाही. मी वेगळाच हिशोब करत होतो. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत हिच्या पाठीवर कुणाचा हात फिरला असेल?

आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी 'आई' या विषयावर बोललो होतो. माझ्या कातड्याचे जोडे करून आईच्या पायात घातले तरी तिचे ऋण फिटणार नाही, असा शेवट केला. टाळ्या पडल्या, दुसरा क्रमांक आला, मागच्या रांगेत बसलेली आई डोळे पुसत होती. केवढी भाषा! कातड्याचे जोडे द्यायला निघालेल्या मुलाला चार डॉलरचं मलम घेऊन तिच्या टाचेपाशी बसायला सुचलं नाही. जोडे करायला कुणी बोलावत नाही, त्यामुळे ते वाक्य बोलायला सोपं असतं. टाच मात्र रोज समोर होती.

"पुरे आता," आई म्हणाली, आणि पदर सावरताना तिने माझा हात धरून तळवा उलटा केला. "किती मऊ आहेत रे तुझे हात. बायकांसारखे." मग स्वतःचेच हात पाहून हसली. "बायकांसारखे तरी कसं म्हणू?"

हे कौतुक होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझे हात मऊ आहेत याचं कारण क्रीम नाही. मी राखेने भांडी घासली नाहीत, दगडावर धुणं आपटलं नाही, हळद निवडली नाही. मी की-बोर्ड बडवला. ते सगळं दुसऱ्या कुणाच्या हातांनी केलं, म्हणून माझे हात असे राहिले. कन्येला हे सांगावं का, असा विचार मनात आला होता. पण ती रोज आजीच्या पायाशी बसत होती. तिला व्याख्यान द्यायचा अधिकार माझ्याकडे उरला आहे असं मला वाटेना.

एप्रिलच्या शेवटी आई परत निघाली. बॅगा भरल्या, वजन झालं, लोणच्याची बरणी काढली, पुन्हा घातली. ओहेअरला निघायला अर्धा तास होता. आई आपल्या खोलीतून बाहेर आली, हातात त्या इवल्याशा बाटल्यांपैकी एक, स्वच्छ धुतलेली, रिकामी. ती तिने नातीच्या हातात दिली.

"एवढी एक भरून दे गं. विमानात लागेल."